पुढचा ब्रेक

(मंडळाच्या श्रावणातील सभेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरीवर बोलणारे आले, मधुमेहावर बोलणारे आले, नाट्यसंगीतावर तर दरवर्षीच येतात. आम्ही दोघे भाऊ मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकवर बोलतो म्हटल्यावर कार्यवाहांनी दोनदा विचारून घेतलं, "नक्की ब्रेकवरच ना?" नक्की ब्रेकवरच. आमच्यातला थोरला बँकेत होता आणि धाकट्याची उमर उद्यमबागेत लेथवर गेली. म्हणजे एकाला हिशेब येतो आणि दुसऱ्याला लोखंड कळतं. त्या दोन भांडवलांवर हे भाषण आहे.

आता चतुर्थी जवळ आली. आपल्याकडे मूर्ती आणायला टेम्पो करणारी घरं आहेत, पण मोटरसायकलवर मागे बसून मांडीवर गणपती धरून आणणारी घरंही कमी नाहीत. मखराचं सामान, पाच-पाच नारळांची पिशवी, गौरीच्या ओवशाची सुपं, हे सगळं दुचाकीवरूनच येतं. आणि बेळगावातल्या घराघरांत निदान एक तरी जुनी गाडी आहे, वडिलांची, विकवत नाही म्हणून ठेवलेली. आमच्याकडेही आहे. १९९० सालची, शंभर सीसीची टू-स्ट्रोक. नानांनी घेतली, नाना गेल्यावर आमच्या दोघांत राहिली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर थोरल्याचा मुलगा ती घेऊन गोव्याला निघाला. मागे मित्र, मित्राच्या पाठीवर पिशवी. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाला लागले. आपल्या बाजूने गेलं की चोर्ल्याला सगळा उतार. टू-स्ट्रोक गाडीला गिअरमध्ये ठेवलं तरी इंजिन फारसं रोखत नाही, हे चालवणाऱ्यांना माहीत आहे. पोरगा मागचा ब्रेक दाबत दाबत उतरत होता. पाच-सहा वळणं झाल्यावर जळका वास यायला लागला. पुढच्या वळणावर मागचं पेडल नुसतंच खाली गेलं. तेव्हा त्याने पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर आली ती थेट मुठीला टेकली आणि गाडी तशीच चालत राहिली. शहाणपण असं की त्याने दरीकडे न बघता गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली. मित्राला खरचटलं. आमच्या पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि एक बोट. सहा आठवडे हात गळ्यात.

हॉस्पिटलात पोरगा म्हणाला, "काका, पुढचा ब्रेक नव्हताच की." आम्ही एकमेकांकडे बघितलं. कारण पुढचा ब्रेक नव्हता हे आम्हाला माहीत असायला हवं होतं, आणि आम्हाला माहीत नव्हतं. का माहीत नव्हतं, ते सांगायला आज उभे आहोत.

आमच्या नानांनी आम्हाला गाडी शिकवली तेव्हा पहिला नियम सांगितला: पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, उलटाल. इथे बसलेल्या किती जणांना वडिलांनी हेच सांगितलं? बघा, हात वर आले. नाना मूर्ख नव्हते. त्यांच्या तरुणपणी रस्ते खडीचे, कडेला वाळू, पावसाळ्यात शेणाचा राडा. अशा जागी पुढचं चाक जाम झालं की गाडी खालून निघून जाते, सावरायला वेळच मिळत नाही. मागचं चाक घसरलं तर निदान पाय टेकता येतो. त्या रस्त्यांवर तो नियम बरोबर होता. रस्ते डांबरी झाले, वेग वाढला, नियम मात्र तोच राहिला. नानांनी तर पुढे जाऊन केबलचा नटच सैल करून ठेवला होता, आम्ही पोरं चुकून दाबू नये म्हणून.

आता जरा शाळेतलं विज्ञान. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे जातो. गाडीचंही तेच होतं. ब्रेक लागला की बराच भार पुढच्या चाकावर येतो, पुढचे शॉकअप दबतात, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला रस्ता नीट धरता येत नाही, ते फरफटतं. कोरड्या डांबरावर जोरात थांबायचं असेल तर थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. सरकारनेही हे मान्य केल्यासारखं आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाक्यांना १२५ सीसीपर्यंत निदान जोडब्रेक आणि त्याच्या वर एबीएस सक्तीचं झालं. जोडब्रेक म्हणजे एक दाबला की दुसराही थोडा लागतो. लोक पुढचा दाबतच नाहीत, मग गाडीनेच दाबावा, असा तो हिशेब. पण आपल्या जुन्या गाडीला हे काही नाही. तिथे दोन ब्रेक म्हणजे दोन वेगळे हात.

आणि यातच मेख आहे. मागचा ब्रेक जरा कमी झाला की चौकात लगेच कळतं, आपण शनिवारी गॅरेजला जातो. पुढचा ब्रेक वर्षानुवर्षं कमी होत गेला तरी कळत नाही, कारण तो कुणी दाबतच नाही. तो पहिल्यांदा दाबला जातो तो घाटात.

पोराचा हात गळ्यात असतानाच एका रविवारी आम्ही अंगणात गाडी उघडली. इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवला, पुढचं चाक अधांतरी केलं. उघडण्याआधी बाहेरून काय दिसतं ते आधी सांगतो, कारण तेवढं प्रत्येकाला घरी करता येतं, हात काळे न करता.

गाडी सपाटीवर उभी करा, बंद, न्यूट्रलमध्ये. पुढची लिव्हर पूर्ण दाबून गाडी पुढे ढकला. चाक जागचं हलता कामा नये, शॉकअप दबले पाहिजेत. आमची गाडी आरामात पुढे गेली. मग लिव्हर हळूहळू दाबा. सुरुवातीला थोडी मोकळी असते, ती असावीच. ड्रमच्या बऱ्याच गाड्यांना टोकाशी दोन ते तीन सेंटिमीटर मोकळीक सांगितलेली असते, आपल्या गाडीचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा धरा. त्यानंतर ती घट्ट लागली पाहिजे. घट्ट न लागता रबरासारखी येत राहिली तर केबल संशयित. घट्ट लागते पण गाडी थांबत नाही, तर आत लायनर काचेसारखा झालेला असतो किंवा त्याला ग्रीस लागलेलं असतं. चालत्या गाडीत दाबल्यावर लिव्हर बोटांना थरथर ढकलत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही. आणि सोडल्यावर लिव्हर चटकन मागे आली नाही, तर केबल किंवा आतला कॅम सुकलाय. या पाच गोष्टी बघायला पाच मिनिटं लागत नाहीत. आमच्या गाडीत त्यातल्या चार सापडल्या. लिव्हर मागे मात्र छान येत होती. तेवढंच समाधान.

केबल काढली. वरचं प्लास्टिक जागोजागी तडकलेलं, पावसाचं पाणी आत जाऊन तार गंजलेली, खालच्या टोकाला दोन धागे तुटलेले. केबलच्या बाबतीत आमचं मत कडक आहे. एक धागा जरी तुटला तरी ती केबल संपली. डाग देऊन, गाठ मारून चालवायची वस्तू नाही ती. चांगली केबल असेल तर वरच्या टोकाला कागदाचं नरसाळं बांधून त्यात पातळ तेल सोडायचं आणि रात्रभर लटकत ठेवायची. सकाळी खालून तेल ठिबकलं की समजायचं आत पोचलं. आणि बसवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, केबल कुठे ताणली जात नाही ना.

मग चाक काढलं. स्पीडोमीटरची केबल सोडवली, स्प्लिट पिन, नट, एक्सल. ब्रेकची प्लेट हातात आली. इथे एक सूचना, आणि ही सूचना हसण्यावारी न्यायची नाही. ड्रममध्ये साचलेली काळी पूड तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती पूड फुप्फुसात गेली तर तिथेच राहते आणि आजार पुढे कित्येक वर्षांनी येतो. आम्ही तरुणपणी सगळे फुंकरच मारायचो. आता साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, तोंडाला मास्क. 

लायनर बघितले. काठाकडे सव्वा-दीड मिलिमीटर उरलेले. नवीन साधारण चार मिलिमीटर असतात आणि दोनवर आले की बदलायचे. एका लायनरच्या कडेला चकचकीत काळा पट्टा, बोट लावलं तर ग्रीस. चाकाच्या बेअरिंगचं सील कडक होऊन त्यातून ग्रीस बाहेर आलं होतं. लायनर ग्रीस प्याला की तो गेला. पेट्रोलने धुऊन, वर काडी लावून जाळून पुन्हा बसवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. वरचं ग्रीस जातं, आतलं राहतं आणि ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. नुसती चकाकी आली असेल, तर जाड पॉलिश पेपरने घासून ती काढता येते. ग्रीस लागलेला मात्र फेकायचाच, आणि दोन्ही एकदम बदलायचे, एक नाही.

इथपर्यंत आम्ही नानांच्या नावाने, पावसाच्या नावाने, सीलच्या नावाने बोटं मोडत होतो. मग धाकट्याने प्लेटच्या बाहेरचा आर्म बघितला आणि गप्प बसला.

हे जरा समजावून सांगावं लागेल. प्लेटमध्ये दोन शूंच्या मध्ये एक चपटा कॅम असतो. केबल ओढली की आर्म फिरतो, आर्मबरोबर कॅम आडवा होता तो उभा व्हायला लागतो आणि शू फाकतात. लायनर झिजला की कॅमला जास्त फिरावं लागतं. आपण केबलचा नट आवळत जातो. एक दिवस नटाचे आटे संपतात. आटे संपले याचा अर्थ लायनर संपला, हे कंपनीने ठरवूनच ठेवलेलं असतं. पण तिथे एक चोरवाट आहे. आर्म कॅमच्या दांड्यावर दातांवर बसतो. बोल्ट ढिला करून आर्म उपसायचा, एक दात मागे सरकवून पुन्हा बसवायचा. लगेच आटे परत मिळतात, लिव्हर पुन्हा कडक लागते, गिऱ्हाईक खूश. बाहेरून बघाल तर आर्म आणि केबल यांच्यातला कोन नव्यासारखा काटकोनी दिसतो. आत मात्र कॅम जवळजवळ उभा राहिलेला असतो. त्याच्यापुढे तो शूंना आणखी फाकवूच शकत नाही. फार झिजलं तर तो उभाच अडकून चाक जाम करू शकतो.

ही चोरी पकडायची खूण आहे. दांड्याच्या तोंडावर एक पंचाचा ठिपका असतो आणि आर्मवर एक. दोन ठिपके समोरासमोर असले पाहिजेत. आमच्या गाडीत ते एक दात सोडून होते.

आणि ते काम कुठल्या गॅरेजवाल्याचं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका लग्नाला निघायच्या आदल्या रात्री धाकट्याने टॉर्चच्या उजेडात ते केलं होतं, आणि थोरल्याने टॉर्च धरला होता. परत आल्यावर लायनर घालू, असं बोलणं झालं होतं. परत आल्यावर ब्रेक कडक लागत होता, म्हणून राहून गेलं. पुढे कुणी तो ब्रेक दाबलाच नाही. घाटातल्या त्या वळणावर पोराच्या हातात जी लिव्हर आली ती आम्ही दोघांनी दिलेली होती.

ही गोष्ट आम्ही घरात सगळ्यांना सांगितली, पोरालाही. तो म्हणाला, "असू दे काका." वहिनी मात्र आठ दिवस बोलल्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

असो. कामाकडे येऊ.

ड्रमच्या आत बोट फिरवलं तर काठाला पायरी लागली आणि चाक फिरवताना एका जागी शू घासल्याचा आवाज येत होता. म्हणजे ड्रम अंडाकृती झाला होता. बेळगावात राहण्याचा फायदा असा की उद्यमबागेत लेथ शोधावा लागत नाही, लेथवाल्यांची रांग आहे. तरी दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, कट मारायचा तो चाक तारांसकट लेथवर बांधून. तारांच्या ताणाने ड्रम ओढलेला असतो. नुसता हब खरवडून नंतर तारा आवळल्या की तो पुन्हा वाकडा. दुसरी, ड्रमचा कमाल व्यास बहुतेक हबवर ओतीवच लिहिलेला असतो. सहसा मूळ मापापेक्षा एखादा मिलिमीटर जास्त, त्यापुढे जायचं नाही. आमच्या ड्रमला पाव मिलिमीटरात काम भागलं. कुणाचा त्याहून खोल गेला असेल तर हब बदलणं आलं, तिथे काटकसर करू नये.

नवीन लायनर आणले. बाजारात सगळ्या भावाचे मिळतात. फार स्वस्त लायनर दाबल्यावर लाकडासारखा वाटतो, हे आमचं अनुभवाचं मत, पटलं तर घ्या. कॅमचा दांडा काढून गंज साफ केला, ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी अंगुलभर, म्हणजे लावून पुसून टाकल्यावर जेवढं राहील तेवढं. आपल्याकडे ग्रीस म्हणजे तूप असल्यासारखं वाढायची सवय आहे. तेच नंतर लायनरवर येतं. चाकाचं सील बदललं. स्प्रिंगा ताणलेल्या होत्या, त्याही बदलल्या. लायनरचं पुढचं टोक कानसेने थोडं उतरवलं, नाहीतर तिथे आधी चिकटून कुईं असा आवाज येतो. शू बसवायची युक्ती अशी की दोन्ही शू स्प्रिंगांसकट आधी व्हीच्या आकारात धरायचे आणि प्लेटवर ठेवून दोन्हीकडून एकदम दाबायचे. एकेक बसवायला जाल तर स्प्रिंग कपाळावर येते. थोरल्याच्या कपाळावर आली.

चाक परत घालताना एकच गोष्ट विसरली तर जीव जाईल, म्हणून दोनदा सांगतो. ब्रेकप्लेटवर एक खाच असते, ती शॉकअपच्या नळीवरच्या उंचवट्यात बसली पाहिजे. ब्रेक लागल्यावर प्लेटला चाकाबरोबर फिरायचं असतं, तिला तो उंचवटा धरून ठेवतो. खाच बसली नाही आणि तुम्ही ब्रेक मारलात तर प्लेट गरकन फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जागीच थांबतं. एक्सलचा नट आवळण्याआधी वाकून बघा. आवळल्यावर पुन्हा वाकून बघा. मग नट पूर्ण आवळताना लिव्हर कुणालातरी दाबून धरायला सांगा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर आपोआप येतात. ही युक्ती बऱ्याच गॅरेजांत वापरत नाहीत आणि तिच्याने फुकटात ब्रेक सुधारतो. स्प्लिट पिन नवीन घाला. जुनी पिन सरळ करून पुन्हा वाकवली की ती कधी तुटेल सांगता येत नाही.

एवढं करून निघालो तर ब्रेक आधीपेक्षा जरासाच बरा. घाबरू नका, नवीन लायनर ड्रमला बसायला वेळ घेतो. मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस वेळा मध्यम वेगातून हळू दाबून गाडी मंद करायची, मध्ये गार होऊ द्यायची. आम्ही खानापूर रोडला पहाटे जाऊन केलं. तिसऱ्या दिवशी लिव्हर पुन्हा थोडी जुळवली. चौथ्या दिवशी धाकट्याने जरा जोरात दाबला आणि मागे बसलेला थोरला त्याच्या पाठीवर आदळला. पस्तीस वर्षांच्या गाडीचा पुढचा ब्रेक कसा लागायला हवा ते आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दाबायची रीत मात्र शिकावी लागते, आणि नानांचा नियम तिथे निम्मा खरा आहे. झटका द्यायचा नाही. ओला पंचा पिळतो तसं, आधी हलकं, मग भार पुढे आला की जोर. वळणात शिरण्याआधी, सरळ असताना. वाळूवर, शेणावर, रंग मारलेल्या पट्ट्यांवर पावसात हात हलका. आणि पावसाचं एक आणखी: पाण्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढच्या दोन-चार वेळा ब्रेक लागतच नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर लिव्हर हलकी दाबून चालवा, तापून वाळतो. घाटात उलट. दोन्ही ब्रेक आलटून पालटून, गिअर खालचा, आणि जळका वास आला की लगेच बाजूला घेऊन थांबायचं. तापल्याने ड्रम फुगून शूपासून लांब जातो आणि लायनरचीही पकड जाते. अर्धा तास चहा प्यायला की ब्रेक परत येतो. पाणी मात्र ओतायचं नाही.

तुमच्यातल्या तरुणांची गाडी डिस्कची. हसू नका, डिस्कच्या पहिल्या गाड्याही आता पंचवीस वर्षांच्या झाल्या. तिथे केबल नाही, तेल आहे, आणि ते तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ चं नवीन तेल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी मुरलं की तीच हद्द १४० अंशांवर येते. घाटात ते उकळून वाफ झाली की लिव्हर फुकट जाते. म्हणून दोन वर्षांनी तेल बदला, झाकणावर डॉट ३ किंवा ४ जे लिहिलं असेल तेच, सीलबंद बाटलीतलं, टाकीवर सांडू न देता, कारण ते रंग खातं. लिव्हर स्पंजासारखी लागली तर नळीत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे तेल गळत नसेल तर वरच्या मास्टर सिलिंडरचं रबर गेलं. चाक सुटत नसेल, डिस्क तापत असेल तर खालचा पिस्टन गंजलाय, कॅलिपर सरकायच्या पिना सुकल्यात, नाहीतर मास्टर सिलिंडरमधलं सुईच्या टोकाएवढं परतीचं भोक बुजलंय. शेवटचं ते भल्याभल्यांना सापडत नाही. पॅडला किंवा डिस्कला तेलाचा फवारा कधीही मारू नका, गंज निघावा म्हणूनसुद्धा नाही. हे काम पूर्वी केलं नसेल तर एकट्याने करू नका. ज्याला येतं त्याच्या शेजारी एकदा बसा.

गेल्या रविवारी इथे मांडवाचे बांबू उतरवायला पोरं आली होती. आम्ही बाहेर लावलेल्या सगळ्या गाड्यांची पुढची लिव्हर दाबून ढकलून बघितली. किती गाड्या पुढे गेल्या ते सांगत नाही, कारण दारापाशी उभे असलेले चेहरे ओळखू येतील. एका गाडीला तर केबलच नव्हती. मालकाला विचारलं तर म्हणाला, "बाबांनी काढून ठेवली आहे, मी उलटेन म्हणून."

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता याच आवारात आम्ही पाने घेऊन बसणार आहोत. कार्यवाहांची परवानगी काढली आहे, चहाचा खर्च आमचा. आपापली जुनी गाडी घेऊन या, नवीन स्प्लिट पिन आणि फाटकं सुती धोतर किंवा बनियन बरोबर आणा. लायनर आधी विकत आणू नका, उघडून बघितल्यावर माप कळेल. ज्या मालकाची केबल बाबांनी काढून ठेवली आहे त्याने बाबांनाही आणावं. त्यांच्याशी आम्ही बोलतो.